सुटलेला फेरेट रानात जगेल का?

होस्टेलला येताना आपल्यापैकी अनेकांनी घरी एखादा पाळीव प्राणी मागे ठेवलेला असतो. कोणाचा पांढरा ससा, कोणाचे लव्हबर्ड, कोणाचे काचेच्या टाकीतले कासव. आपण इकडे आलो की घरी प्रश्न उभा राहतो, आता याचे कोण बघणार? मग कोणीतरी सुचवते, "सोडून देऊ या, बिचारा मोकळा जगेल." सुट्टीत मी कुम्हारीला घरी गेलो होतो, तेव्हा आमच्या शेजारचे काका त्यांच्या फेरेटबद्दल हेच म्हणत होते. त्यांची बदली होणार होती आणि खारुन नदी गावापासून लांब नाही. नदीकाठी सोडलेला फेरेट खरेच जगेल का, हे शोधताना जे वाचायला मिळाले ते या लेखात मांडतो.

फेरेट म्हणजे काय?

फेरेट लांबट अंगाचा, आखूड पायांचा, मांसाहारी प्राणी आहे. दिसायला तो मुंगसासारखा वाटतो, पण मुंगसाचे कूळ वेगळे आहे. फेरेटच्या कुळात आपल्याकडचे पाणमांजर येते. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या जंगली प्राण्यापासून माणसाने तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवला. काम एकच होते, सशाच्या बिळात शिरून सशाला बाहेर हुसकायचे. आता तो हौसेने पाळला जातो. म्हणजे फेरेट हा जंगलातून पकडून आणलेला प्राणी नव्हे. कुत्र्यासारखाच तो पिढ्यान् पिढ्या माणसाच्या घरात वाढलेला आहे.

एकटा सुटला तर

पहिली अडचण उन्हाची. फेरेटला घामाच्या ग्रंथी फारच कमी असतात, त्यामुळे त्याला अंग थंड ठेवता येत नाही. तापमान ३० अंशांच्या वर गेले की त्याला उष्माघाताचा धोका असतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि दुपारी लू चालते. तेव्हा माणसेही घराबाहेर पडत नाहीत.

दुसरी अडचण खाण्याची. कोणता वास म्हणजे अन्न, हे फेरेट आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत शिकतो. लहानपणापासून फक्त वाटीतले कोरडे खाद्य खाल्लेल्या फेरेटला समोरचा उंदीर हे आपले जेवण आहे, हे कळतेच असे नाही. त्याची नजरही अधू असते. तो दिवसाचे चौदा-पंधरा तास झोपून काढतो.

तिसरी अडचण शत्रूंची. घरातल्या फेरेटला कुत्र्याची भीती माहीत नसते. गल्लीतली कुत्री त्याला सोडणार नाहीत. शिवाय कुत्र्यांमध्ये पसरणारा डिस्टेंपर हा रोग लस न टोचलेल्या फेरेटला झाला, तर तो जवळजवळ कधीच वाचत नाही.

म्हणजे कुम्हारीत सुटलेला एकटा फेरेट बहुधा काही दिवसांत मरेल. मोकळे सोडणे म्हणतात ते त्याच्यासाठी हेच असेल.

मग न्यूझीलंडमध्ये कसे जगले?

इथे काही जण म्हणतील की न्यूझीलंडमध्ये तर रानटी फेरेट भरपूर आहेत. हे खरे आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिथे आधी ससे नेले. सशांनी मेंढ्यांची कुरणे फस्त केली. सशांचा बंदोबस्त करायला १८७९ पासून आणि पुढे १८८० च्या दशकात हजारो फेरेट आणून, वाढवून सोडण्यात आले. वॉल्टर बुलर यांच्यासारख्या पक्षीतज्ज्ञांनी तेव्हाच सावध केले होते, पण कोणी ऐकले नाही.

तिथे फेरेटला सगळेच अनुकूल मिळाले. हवा युरोपसारखी थंड. खायला ससे. वटवाघळे सोडली तर त्या देशात जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी नव्हता, त्यामुळे शत्रू नाही. आणि जोड्या जमायला हजारो भाईबंद. फेरेट टिकले, पण सशांवर थांबले नाहीत. किवी, वेका यांसारखे न उडणारे पक्षी त्यांना सहज सापडले. गुरांचा क्षयरोगही ते पसरवतात. शेवटी २००२ मध्ये न्यूझीलंडने फेरेट विकण्यावर आणि त्यांची पैदास करण्यावर बंदी घातली.

ऑस्ट्रेलियातही सशांसाठीच फेरेट सोडले होते. पण मुख्य भूमीवर त्यांची पक्की वस्ती झाली नाही. तिथे डिंगो आणि कोल्हे होते, ऊन कडक होते. प्राणी तोच, हेतू तोच, निकाल मात्र उलटा.

यावरून चार प्रश्न निघतात. हवामान मानवेल का? ओळखीचे अन्न मिळेल का? शत्रू किती? जोडीदार आहे का? कुम्हारीत धान आहे म्हणून उंदीर आहेत, तेवढा एक प्रश्न अर्धा सुटतो. बाकी तिन्हींचे उत्तर नाही असेच येते.

आपले मुंगूस परदेशात

"जगले तर बरेच" असे वाटणाऱ्यांनी आपल्याच मुंगसाची गोष्ट वाचावी. १८७२ मध्ये कोलकात्याहून फक्त नऊ मुंगसे, चार नर आणि पाच माद्या, जमैका बेटावर नेली गेली. उसाच्या मळ्यातले उंदीर मारणे हे त्यांचे काम. त्यांच्याच वंशातली मुंगसे १८८३ मध्ये हवाई बेटांवर गेली. उंदीर मुख्यतः रात्री फिरतो आणि मुंगूस दिवसा. त्यामुळे मुंगसांनी पक्षी आणि कासवांची अंडी यांवर ताव मारला. जपानच्या अमामी बेटावर १९७९ मध्ये विषारी साप मारण्यासाठी सुमारे तीस मुंगसे सोडली होती. ती सगळी संपल्याचे जपानने २०२४ मध्ये जाहीर केले. एका दिवसात केलेले काम निस्तरायला ४५ वर्षे गेली. मुंगूस आपल्या बाडीत, बांधावर शोभतो. दुसऱ्या बेटावर तोच संकट ठरला.

प्रशिक्षण दिले तर?

आपण कॅडेट आहोत म्हणून हा भाग मला सर्वांत आवडला. अमेरिकेत काळ्या पायांचा फेरेट नावाची खरी जंगली जात आहे. ती नामशेष झाली असे मानले जात होते. १९८१ मध्ये वायोमिंग राज्यात एका शेतावरच्या कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला आणि जवळच काही जिवंत असल्याचे कळले. १९८७ पर्यंत शेवटचे १८ पकडून त्यांची पैदास सुरू झाली. १९९१ पासून ते परत माळावर सोडले जाऊ लागले.

पण साध्या पिंजऱ्यात वाढलेले बरेचसे लवकर मरत. म्हणून सोडण्याआधी त्यांना उघड्यावरच्या कुंपणात ठेवू लागले. तिथे खरी बिळे आणि त्यांचे नेहमीचे भक्ष्य असलेला प्रेअरी डॉग असे. असे तयार झालेले फेरेट जास्त टिकले. जातीने जंगली असलेल्या प्राण्यालाही प्रशिक्षण लागते, तर सोफ्यावर झोपणाऱ्याचे काय होईल?

तिसरा धोका

सुटलेला प्राणी मरतो किंवा उपद्रव करतो. याशिवाय तो जंगली भाऊबंदांत मिसळू शकतो. ब्रिटनमध्ये सुटलेले फेरेट जंगली पोलकॅटशी जोड्या जमवतात आणि शुद्ध पोलकॅट ओळखणे कठीण होते. हे आपल्याला दूरचे वाटायला नको. छत्तीसगडचा राज्यप्राणी रानम्हैस आहे. तिच्यापुढच्या मोठ्या अडचणींत गावच्या म्हशींशी होणारा संकर ही एक आहे.

मग करायचे काय?

फेरेट चुकून सुटला तर आधी घराजवळच शोधा. तो अरुंद, अंधाऱ्या जागी शिरतो, म्हणून कपाटामागे, नळाच्या पाइपात, विटांच्या ढिगात बघा. त्याच्या अंथरुणाचे कापड, नेहमीचे खाद्य आणि पाणी सावलीत ठेवा. पहाटे आणि संध्याकाळी थांबून वाट पाहा. घरचे कुत्रे बांधून ठेवा. शेजाऱ्यांना आणि जवळच्या पशुवैद्यांना कळवा.

सांभाळणे शक्य नसेल तर दुसरे घर शोधा. वेळ लागला तरी चालेल. ससा, लव्हबर्ड, कासव यांनाही हाच नियम लागू आहे. लव्हबर्ड म्हणून विकले जाणारे बजरीगर मूळचे ऑस्ट्रेलियाचे, आणि लाल कानाचे कासव अमेरिकेचे. ते कासव तलावात सोडले तर जगते, आणि आपल्या कासवांची जागा व अन्न घेते.

पालकांना एक विनंती. मुलाला होस्टेलला पाठवायचे ठरले की ट्रंकेची यादी करताना घरच्या प्राण्याचे नावही त्याच यादीत लिहा. त्याची सोय कोणाकडे होणार हे मुलाच्या समोर ठरू द्या. आमच्या काकांनी शेवटी फेरेट रायपूरच्या एका ओळखीच्या कुटुंबाला दिला. तिथे आधीपासून एक फेरेट आहे आणि खोलीत कूलर आहे.