वाफ म्हणजे हायड्रोजन नव्हे

पाणी उकळू लागले म्हणजे तळातून जे बुडबुडे वर येतात त्यांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो, कारण उष्णतेने पाण्याच्या रेणूतील बंध तुटतात, हे विधान विद्यार्थ्यांच्या आणि क्वचित पदवीधरांच्याही तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याचा सविस्तर खुलासा करण्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. हा भ्रम आपल्याकडचाच आहे असे नव्हे. न्यूझीलंडमधील ऑझबर्न आणि कॉसग्रोव्ह यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील शाळकरी मुलांनीही हेच उत्तर दिल्याची नोंद आहे.

परंतु पेटत्या चुलीवरच्या प्रत्येक आधणातून हे दोन वायू खरोखरच निघत असते, तर एकही स्वयंपाकघर शाबूत राहिले नसते! झाकणाच्या आत जमतात ते पाण्याचेच थेंब होत.

रेणूच्या आत अणूंना जखडून ठेवणारा सहसंयुज बंध निराळा, आणि एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे ओढला गेल्यामुळे उत्पन्न होणारा, त्या मानाने पुष्कळच दुर्बळ, असा हायड्रोजन बंध निराळा. उकळताना सुटतो तो हा दुसरा. हिशेबच पाहावयाचा तर १८ ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे ४१ किलोजूल ऊर्जा पुरते, आणि तेवढ्याच पाण्यातील सर्व सहसंयुज बंध तोडण्यास नऊशे किलोजूलांहून अधिक लागते.

हा भेद मनात ठसला नाही, तर पुढचे रसायनशास्त्र निव्वळ पाठांतर होऊन बसते. एथिल अल्कोहोल, म्हणजे मद्यार्क, आणि डायमिथिल ईथर या दोहोंच्या रेणूत कार्बनचे २, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. तरीही मद्यार्क ७८ अंश सेल्सियसला उकळतो आणि ईथर उणे २४ अंशांनाच. मद्यार्कातील एक हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला असल्यामुळे त्याचे रेणू परस्परांना धरून राहतात. ईथरमधील सर्व हायड्रोजन कार्बनला जोडलेले असल्यामुळे तेथे ती सोय नाही. याच बंधाच्या बळावर मद्यार्क पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतो, मात्र कार्बनची साखळी लांबत गेली की हे बळ अपुरे पडते, आणि सहा कार्बनांच्या हेक्झेनॉलपाशी लिटरभर पाण्यात सहाएक ग्रॅमच विरघळतात.

जड रेणू नेहमी उशिरा उकळतो, हेही खरे नव्हे : हायड्रोजन सल्फाइडचा रेणुभार ३४, पाण्याचा १८, पण तो उणे ६० अंशांना उकळतो. तेल हलके म्हणून पाण्यात मिसळत नाही, हेही नव्हे : मद्यार्क पाण्याहून हलका असून मिसळतो, क्लोरोफॉर्म जड असून तळाशी वेगळा राहतो. आणि चहात साखर विरघळते. वितळते ती कोरड्या कढईत.

शिक्षकांना माझी विनंती अशी की, त्यांनी फळ्यावर पाण्याचा एकच रेणू काढून थांबू नये. निदान दोन काढावेत, आतले बंध सलग रेषेने आणि रेणूंमधला बंध तुटक रेषेने दाखवावा, आणि पाणी उकळताना यांतली कोणती रेषा पुसावयाची, ती विद्यार्थ्याच्याच हातून पुसवून घ्यावी.