फाटकावरच्या रक्षकाचा आजार

शेगाव, चिखली, बुलडाण्याच्या महाविद्यालयांत फाटकावर असतो तो सुरक्षारक्षक, बहुधा कंत्राटदाराचा. कामावर हात मोडला तर भरपाई मागता येते, हे त्याला ठाऊक असते. पण आजाराचे काय?

1923 च्या भरपाई कायद्यात व्यवसायजन्य रोगांची यादी होती: सिलिकोसिस, शिशाची विषबाधा वगैरे. हृदयविकार त्यात नव्हता. मात्र कामाच्या ताणानेच झटका आला हे पुराव्याने दाखवता आले, तर न्यायालयांनी त्याला अनेकदा कामावरचा अपघात मानले आहे. म्हणूनच रात्रपाळ्यांच्या हजेरीची नोंद घरी हवीच. घरच्यांना पुढे तीच शोधत फिरावे लागते, हे फार क्लेशदायक आहे. 1923 च्या कायद्यात दाव्याची मुदत साधारण दोन वर्षांची होती. आता त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही रोगांची अशीच यादी आहे.