चित्रफितींचा संग्रह

फळ्यावरील मजकूर वेळींच वहींत उतरवून घेतला नाहीं, तर तो पुसतांच हातचा जातो. इंटरनेटवरील चित्रफितीचेंहि तसेंच आहे. ती दूरच्या यंत्रावरून लहान लहान तुकड्यांनीं येते. जोडणी तुटली कीं पाठ थांबतो. म्हणून संपूर्ण फाइल संगणकांत उतरवून घेणें, म्हणजेच ‘डाउनलोड’ करणें, हितावह होय. सेकंदास एक मेगाबिट या वेगाचें तासाभराचें व्याख्यान सुमारें ४५० मेगाबाइट जागा व्यापतें. १६ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हमध्यें अशीं ३० व्याख्यानें सुखानें मावतात.

मात्र दिसेल तें घेण्याचा अधिकार आपणांस नाहीं. यूट्यूबच्या नियमांप्रमाणें परवानगीवांचून तेथील चित्रफीत उतरवितां येत नाहीं. उलट, १९९६ सालीं स्थापन झालेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’मध्यें व २००४ सालच्या ‘विकिमीडिया कॉमन्स’मध्यें तशी उघड सोय आहे. तेथें डाउनलोडची कळ दाबून फाइल घ्यावी आणि मग जोडणी बंद करून ती चालते कीं नाहीं हें पाहावें.

१९३१ सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. प्रत जपली तरच कृति टिकते. यास्तव विद्यार्थ्यांनीं उपयुक्त पाठ दोन ठिकाणीं जपून ठेवावे व पालकांनीं त्यांस साह्य करावें, अशी आमची विनंति आहे.