मीठ बदललं तर लकवा टळतो का? चीनमधल्या ६०० गावांनी दिलेलं उत्तर

उर्दूत फालिज, मराठीत पक्षाघात आणि बोलण्यात लकवा. प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार घरं अशी असतात जिथे कमावता माणूस एका सकाळी उठायला गेला आणि अर्धं अंग हललंच नाही. लोक म्हणतात, अचानक झालं. खरं तर त्याच्यामागे बहुतेक वेळा वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी असतं, आणि बीपी दुखत नाही. म्हणूनच ‘मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यानुसार आपल्या देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांचं बीपी वाढलेलं आहे, म्हणजे तिघांत एक माणूस धराच.

हाच प्रश्न घेऊन संशोधक उत्तर चीनच्या खेड्यांत गेले होते. ६०० गावं, जवळपास २१ हजार माणसं. कुणाला आधी लकवा होऊन गेलेला, कुणी साठी ओलांडलेले आणि बीपीचे. निम्म्या गावांतल्या लोकांना वेगळं मीठ फुकट दिलं, बाकीच्या गावांत नेहमीचंच मीठ चालू राहिलं. हे वेगळं मीठ म्हणजे तरी काय? ७५ टक्के आपलं साधं मीठ, सोडियम क्लोराईड, आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराईड. बस्स, एवढाच फरक. जवळपास पाच वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं आणि २०२१ मध्ये निकाल जाहीर झाला.

नेहमीच्या मिठाच्या गावांत दर हजार माणसांमागे वर्षाला साधारण ३४ जणांना लकवा झाला, बदललेल्या मिठाच्या गावांत २९ जणांना. मृत्यू ४५ च्या जागी ३९ झाले. हृदयविकाराचे गंभीर प्रसंगही कमी झाले. बातम्यांत याला ‘लकव्यात १४ टक्के घट’ म्हटलं गेलं. ते बरोबरच आहे, पण मुलांना शेकडेवारी शिकवता शिकवता आम्हाला एक सवय लागली आहे: टक्के ऐकले की आधी विचारायचं, किती माणसांत किती? हजारात पाच लकवे कमी. ऐकायला लहान वाटतं, पण त्यासाठी ना ऑपरेशन, ना इंजेक्शन. फक्त डब्यातलं मीठ बदललं.

हे होतं कसं? सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं, त्यामुळे रक्ताचं प्रमाण वाढतं आणि नळ्यांवर दाब येतो. पोटॅशियम उलटं काम करतं. ते मूत्रपिंडाला सोडियम बाहेर टाकायला लावतं आणि रक्तवाहिन्या थोड्या सैल करतं. म्हणजे एका चिमटीत दोन फायदे.

चीनचं इथे कशाला, असं कुणी म्हणेल. कारण तिथल्या खेड्यांत आणि आपल्याकडे एक गोष्ट सारखी आहे: पोटात जाणारं बरंचसं मीठ घरच्या हंडीतूनच जातं. तेलंगणातल्या सिद्दीपेट भागात ५०२ बीपीच्या रुग्णांवर असाच प्रयोग झाला. कुणाला कोणतं मीठ मिळालंय हे त्यांना माहीत नव्हतं. तीन महिन्यांत बदललेलं मीठ खाणाऱ्यांचं वरचं बीपी दुसऱ्या गटापेक्षा ४.६ ने जास्त उतरलं. हा अभ्यास छोटा होता, लकव्यापर्यंत तो गेला नाही, पण दिशा तीच दिसली.

आता घरचा हिशोब करा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक छोटा चमचाही पूर्ण नाही. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाऊण किलो झालं. तुमच्याकडे किलोची पिशवी वीस दिवसांत संपत असेल तर माणशी १० ग्रॅम पडतात, दुप्पट! आणि यात पापड, लोणचं, सुकट, फरसाण, बेकरीचे टोस्ट धरलेलेच नाहीत. सालन चाखायच्या आधीच दस्तरखानवर मीठदाणी फिरते, तीही नाही. आमचं मत विचाराल तर पहिलं काम तिथूनच सुरू व्हावं. मीठदाणी उचलून ठेवायला पैसे लागत नाहीत, कमी सोडियमचं मीठ मात्र साध्यापेक्षा महाग मिळतं.

दुकानात एक गफलत होते. ‘बीपीसाठी चांगलं’ म्हणून बरेच जण सैंधव घेतात. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच आहे आणि बहुतेक वेळा त्यात आयोडीनही नसतं. पाकिटावर ‘पोटॅशियम क्लोराईड’ लिहिलंय का आणि मीठ आयोडीनयुक्त आहे का, हे वाचूनच घ्या.

आता सर्वात महत्त्वाचं. हे मीठ सगळ्यांसाठी नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं, त्यात जीवही जाऊ शकतो. जुनी शुगर असणाऱ्यांपैकी अनेकांचं मूत्रपिंड खराब झालेलं असतं आणि त्यांना पत्ताही नसतो. स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकतं. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या मिठाची सशर्त शिफारस केली, त्यातून गरोदर स्त्रिया, मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण वगळले आहेत. चीनच्या अभ्यासातही घरात कुणाला मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर त्या घरातल्या माणसाला घेतलंच नव्हतं, कारण हंडी सगळ्यांची एकच असते.

तेव्हा अब्बांच्या बीपीसाठी डबा बदलण्याआधी त्याच हंडीतलं खाणाऱ्या दादीअम्माची शुगर किती वर्षांची आहे ते आठवा, आणि दोघांचंही क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत साधं मीठच, पण कमी. बीपीची गोळी मात्र कोणत्याही मिठाच्या भरवशावर बंद करायची नाही.