ढिकाल्याचें विश्रामगृह

'अतिथि' या शब्दाची फोड आपले जुने पंडित मोठ्या मार्मिकपणें करीत असत. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, ही एक व्युत्पत्ति. आणि जो एकच रात्र राहतो तो अतिथि, ही स्मृतिकारांची व्याख्या. यजमानानें अतिथीशीं कसें वागावें हें आपल्या घरांतील लहान मुलांसहि ठाऊक असतें. पण अतिथीनें यजमानाच्या घरीं कसें असावें, याचा विचार आपण त्या मानानें थोडाच करतों. कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानांतील ढिकाला येथील जुन्या विश्रामगृहांत यंदा वैशाखांत आमचा दोन रात्रींचा मुक्काम झाला, आणि हा विचार तेथें प्रकर्षानें मनांत आला. तें स्थळ रम्य आहे, त्याचा इतिहास बोधप्रद आहे, आणि तेथें जाऊं इच्छिणाऱ्या वाचकांस कांहीं गोष्टी आधींच ठाऊक असलेल्या बऱ्या, म्हणून हा लेखप्रपंच.

उत्तराखंडांत, कुमाऊंच्या डोंगरांच्या पायथ्याशीं रामनगर म्हणून गांव आहे. तेथवर रेल्वे जाते. गेल्या शतकाच्याहि मागील शतकांत कुमाऊंचा कमिशनर असलेल्या हेन्री रॅम्झे याच्या नांवावरून गांवास हें नांव पडलें. ढिकाल्यास राहण्याचा परवाना आगाऊ मिळवावा लागतो, आणि आंत स्वतःची मोटार नेतां येत नाहीं; नोंदलेल्या जीपगाडींतूनच जावें लागतें. धनगढीचें फाटक ओलांडलें म्हणजे ढिकाला तेथून तीस किलोमीटरांहून थोडें अधिक आहे. वाटेवर सुलतान, गैरल, सर्पदुली, खिनानौली अशीं एकामागून एक विश्रामगृहें लागतात. आजच्या प्रवाशास तीं सहलीसाठीं मांडल्यासारखीं वाटतात. पण अशा घरांची मूळ योजना निराळी होती. इंग्रजी अमदानींत वनाधिकारी हिंवाळ्यांत घोड्यावर किंवा हत्तीवर बसून फिरतीवर निघे. कोणतीं झाडें तोडावयाचीं, कोणतीं राखावयाचीं, वणव्याची पट्टी कोठें साफ करावयाची, हें पाही. आणि एकेका मजलेवर त्याच्या रात्रीच्या निवाऱ्यासाठीं असें घर बांधलेलें असे. म्हणजे हीं घरें मुळांत हिशेबाचीं घरें होतीं. शालवृक्षाचें लांकूड रेल्वेच्या रुळांखालीं घालण्यास उत्तम, आणि त्याच लांकडाच्या मोजदादीसाठीं अरण्यांत छप्पर आलें.

शालवृक्षांची ती दाट, सरळ, उंच रांग संपते आणि एकाएकीं पुढें मोकळें आकाश दिसूं लागतें. या खोऱ्यास पाटली दून म्हणतात. 'दून' हा शब्द संस्कृत 'द्रोणी' शब्दाचा वंशज होय. दोन डोंगररांगांमध्यें द्रोणाप्रमाणें खोलगट पसरलेली भूमि ती द्रोणी. मधून रामगंगा वाहते. तिच्या पात्रांतील बेटांवर शिसम वाढलेला दिसतो. हाच वाल्मीकीचा शिंशपावृक्ष, ज्याच्याखालीं अशोकवनांत जानकी बसली होती, असें सांगतांच आमच्या घरच्या मंडळींनीं गाडी थांबवावयास लावून त्याकडे डोळे भरून पाहून घेतलें. काठाकाठानें पसरलेल्या गवताळ मैदानास तेथील लोक 'चौड' म्हणतात. आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. आपण ज्यास जंगल म्हणतों तो शब्द संस्कृतांतील 'जाङ्गल' होय. परंतु आपल्या वैद्यकग्रंथांत जांगल देश म्हणजे थोड्या पाण्याचा, विरळ झाडींचा, मोकळा प्रदेश. दाट वनाला आपण मोकळ्या रानाचें नांव कधीं दिलें, देव जाणे! ढिकाल्यास मात्र दोन्ही अर्थ एकाच दृष्टिक्षेपांत सामावतात.

जुनें विश्रामगृह नदीकडे तोंड करून उंच काठावर उभें आहे. त्यास राजवाड्याचा थाट नाहीं. जाड भिंती, उंच छत, प्रशस्त ओटी, हिंवाळ्यासाठीं शेकोटीची सोय, एवढेंच काय तें. आतां भोंवतीं नवीन खोल्या व उपाहारगृहहि झालें आहे. आमच्या वाचकांस विशेषतः सांगावयाचें म्हणजे, ढिकाल्याच्या आवारांत मांसाहार व मद्य यांस बंदी आहे. पोळी, भाजी, वरण, भात असें साधें व गरम जेवण मिळतें.

आतां इतिहासाकडे वळूं. १८५८ सालीं रॅम्झे यानें या अरण्याच्या रक्षणाची पहिली पद्धतशीर योजना आंखली. बेसुमार तोड थांबली, पाटली दुनेच्या खालच्या भागांतील शेती बंद करण्यांत आली, आणि १८७९ सालीं हें वन राखीव ठरलें. तरी रक्षण झालें तें झाडांचें. पशूंची शिकार चालूच होती. येथें शिकारबंदीचें क्षेत्र करावें ही सूचना मायकेल कीन यानें १९०७ सालीं केली. त्या वेळचे प्रांताधिपति जॉन ह्यूएट हे स्वतः नामांकित शिकारी. त्यांनीं ती फेटाळली. १९१६-१७ सालीं स्टीव्हन्स आणि स्मिथीज या दोन वनाधिकाऱ्यांनीं ती पुन्हा पुढें मांडली. या वेळीं ती कमिशनर विंडम यांच्या नापसंतींत बुडाली. अखेर १९३४ सालीं गव्हर्नर माल्कम हेली यांनीं ती उचलून धरली, कायदा झाला, आणि १९३६ सालीं ३२३ चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेशाचें 'हेली नॅशनल पार्क' जन्मास आलें. भारतांतील हें पहिलें राष्ट्रीय उद्यान. एक शहाणपणाची गोष्ट पटण्यास एकोणतीस वर्षें लागलीं!

उद्यानाच्या सीमा आंखण्याच्या कामीं ज्याचा सल्ला घेतला गेला तो जिम कॉर्बेट नैनितालचा. नरभक्षक वाघांचा हा प्रसिद्ध शिकारी उत्तरवयांत बंदुकीपेक्षां कॅमेऱ्यावर अधिक प्रेम करूं लागला. १९४७ सालीं तो केनियांत गेला, न्येरी येथील एका हॉटेलच्या आवारांतील लहानशा घरांत राहिला, आणि १९५५ सालीं तेथेंच वारला. स्वातंत्र्यानंतर कांहीं काळ रामगंगेचें नांव धारण केलेल्या या उद्यानास १९५७ सालीं त्याचें नांव देण्यांत आलें. ज्याचें नांव या अरण्यास मिळालें, तो अखेरीस दूरदेशीं पाहुण्यासारखा राहून गेला, हा दैवाचा खेळ मनास चटका लावतो.

पशूंना अभय देणारें वन ही कल्पना मात्र आपल्याकडे साहेबांनीं प्रथम आणली असें कोणी समजूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणांत, राजाच्या विहारासाठीं एकच द्वार असलेलें व खंदकानें रक्षिलेलें एक वन सांगितलें आहे. आणि त्याखेरीज दुसरें एक मृगवन सांगितलें आहे, जेथें सर्व पशूंना अतिथि मानावयाचें. अतिथि अवध्य, हें वेगळें सांगावयास नकोच. कौटिल्याच्या त्या वनांत राजा यजमान आणि पशु अतिथि. ढिकाल्यास हें नातें उलटें झालें आहे. तेथें यजमान ते, अतिथि आपण.

हें नातें आपण कसें पाळलें, त्याची साक्ष विश्रामगृहासमोरच पसरलेली आहे. १ एप्रिल १९७३ रोजीं देशाच्या व्याघ्ररक्षण योजनेचा आरंभ याच ढिकाल्यास झाला. प्रथम निवडलेल्या नऊ वनांत हें एक होतें, आणि आपल्या विदर्भांतील मेळघाट हेंहि त्यांतच होतें. आणि पुढच्याच वर्षीं, १९७४ सालीं, खालीं कालागढ येथें रामगंगेवर बांधलेल्या धरणाचें पाणी चढत चढत पाटली दुनेंत शिरलें, आणि खालच्या भागांतील उत्तम कुरण, चितळ व पाढे यांची चरण्याची जागा, त्याखालीं गेली. एका हातानें अभय, दुसऱ्या हातानें आक्रमण! धरणानें शेतास पाणी आणि घरास वीज दिली, हें खरें. त्याची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. पण ओटीवरून दिसणारें तें निळें सरोवर पाहून 'काय सुरेख देखावा' म्हणणाऱ्यानें त्याखालीं काय आहे हेंहि जाणावें. सृष्टीनें मात्र त्यांतूनहि वाट काढली आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरतें, उघड्या पडलेल्या जमिनीवर कोंवळें गवत फुटतें, आणि हत्तींचे कळप तेथें उतरतात. आम्हीं एका संध्याकाळीं असा एक कळप पाहिला. पिलें मध्यें, हत्तिणी भोंवतीं. सोंडेनें गवत उपटून, पायावर आपटून, माती झाडून, मगच तें तोंडांत घालण्याची त्यांची रीत इतकी सावकाश होती, कीं सारा कळप जणूं जेवणाच्या पंक्तीस बसला होता. नदीच्या खोल डोहांत सुसरी पडलेल्या असतात. नराच्या नाकाडावर घड्यासारखी गांठ असते, म्हणून हिंदींत तिला घडियाल म्हणतात.

सूर्यास्त होतांच बाहेरचें फिरणें बंद होतें. आवाराभोंवतीं विजेचें कुंपण आहे, आणि त्यापलीकडे पाऊल टाकण्यास सक्त मनाई आहे. पहिल्या रात्रीं आम्ही ओटीवर बसलों असतां कुंपणापलीकडे चितळांचा भयसूचक आवाज उठला, एकदां, दोनदां, मग सलग. मग एकदम सामसूम. घरांतून मंडळी बाहेर आल्या, अंधाराकडे पाहत कांहीं वेळ उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "अहो, हें कुंपण त्यांना कोंडण्यासाठीं कीं आपल्याला?" मीं सांगितलें, "आपल्याला." त्यावर त्या म्हणाल्या, "मग बरोबर आहे. परक्याच्या घरीं रात्रीं हिंडूं नये."

सर्वच पाहुण्यांस हें पटतें असें नाहीं. दुसऱ्या दिवशीं जेवणाच्या वेळीं एका शहरी गृहस्थांनीं मोठा त्रागा केला. दोन दिवस गाडी फिरवून एकहि वाघ दिसला नाहीं, मग एवढा खर्च कशाकरितां, असा त्यांचा सवाल. वाढणारा मनुष्य खालीं मान घालून पोळ्या वाढीत राहिला. त्या बिचाऱ्यानें वाघ कोठून आणावा? २०२२ च्या गणनेंत कॉर्बेट व्याघ्रक्षेत्रांत २६० वाघ असल्याचा अंदाज निघाला. देशांतील कोणत्याहि एका व्याघ्रक्षेत्रांत याहून अधिक वाघ आढळले नाहींत. परंतु क्षेत्र १,२०० चौरस किलोमीटरांहून मोठें, आणि गवत कित्येक ठिकाणीं माणसाहून उंच. वाघ दिसणें हा लाभ आहे, हक्क नव्हे. आम्हांसहि तो दिसला नाहीं. ओल्या वाळूंत उमटलेलीं त्याचीं पावलें दिसलीं, आणि तीं पाहून आमची नात कितीतरी वेळ बोलेना.

एक गोष्ट मात्र या सुखाबरोबर नोंदविणें माझें कर्तव्य आहे. हें अरण्य राखण्यासाठीं माणसें उठविलीं गेलीं आहेत. रॅम्झेच्या काळांत शेती करणारे गेले. अलीकडे, १९९४ च्या सुमारास, दक्षिण सीमेवरील धारा, झिरना व कोठीरौ या गांवच्या कुटुंबांस दुसरीकडे वसविण्यांत आलें. उद्यानाच्या कडेला जे आजहि राहतात त्यांचीं गुरें वाघ मारतो, आणि प्रसंगीं माणूसहि दगावतो. अशा लोकांनीं आपली चूल ज्या भूमीसाठीं सोडली, त्या भूमीवर आपण दोन दिवस मौजेखातर छपराखालीं निजतों. रक्षण नको होतें असें मी म्हणत नाहीं; वाघ राहावा, वन राहावें, हेंच मला हवें आहे. पण त्याची किंमत ज्यांनीं भरली ते आपल्या ओटीवर दिसत नाहींत, हें ध्यानांत ठेवलें तर वाघ न दिसल्याची तक्रार ओठांवर येणार नाहीं.

ढिकाल्याचा मोसम १५ नोव्हेंबरपासून १५ जूनपर्यंत असतो; पावसाळ्यांत तें बंद असतें. थंडीच्या दिवसांत जाणारांनीं लोंकरीचे कपडे भरपूर न्यावे. हत्ती पाहावयाचे असल्यास उन्हाळा सोसावा. भडक रंगाचीं वस्त्रें नेऊं नयेत, गाडींत मोठ्यानें बोलूं नये, खाली उतरूं नये, आणि कागदाचा कपटाहि मागें ठेवूं नये. मुलांना अवश्य न्यावें, मात्र 'वाघ पाहावयास चल' असें सांगून नेऊं नये. 'वाघाच्या घरीं जाऊं' असें सांगावें.

लांकडाचा हिशेब करणाऱ्यांसाठीं बांधलेल्या या घरांत आज असे लोक येऊन राहतात, कीं ज्यांनीं तेथून कांहींहि घेऊन जावयाचें नाहीं. वनाच्या दीर्घ इतिहासांत हा बदल लहान नव्हे. तो टिकविणें सरकारच्या जितकें हातीं आहे तितकेंच आपल्याहि. स्मृतिकारांनीं अतिथीस एक रात्र दिली होती. ढिकाल्याच्या यजमानांनीं आम्हांस दोन दिल्या, हें त्यांचें औदार्य.