बिऱ्हाड पाठीवर घेताना

मसाई पठारावरचा पाऊस वरून पडत नाही, तो आडवा येतो. पन्हाळगडाच्या राजदिंडीने खाली उतरून म्हाळुंगे गाव मागे टाकले, की थोड्या चढानंतर हे पठार लागते. लांबच लांब सपाटी, ना झाड ना आडोसा. काही वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये याच पठारावर माझी पंधरा वर्षांची मुलगी चालता चालता अडखळू लागली. "दमलीस का गं?" म्हणून विचारले, तर तिने भलतेच उत्तर दिले. ओठ निळसर पडले होते, हात थरथरत होते. तिला थंडी भरली होती.

पठार उतरून पहिल्या वाडीत आम्ही मिळेल त्या दारात उभे राहिलो. घरातल्या मावशींनी एकच नजर टाकली आणि म्हणाल्या, "पोरीला आधी आत आणा. वली कापडं काढा तिची. च्या मागनं."

आम्ही तिची सॅक उघडली. वर पावसाळी आवरण होते, तरी पाठीच्या बाजूने पाणी आत झिरपले होते. स्वेटर, जीन्स, टॉवेल, स्लीपिंग बॅग, सगळे ठिबकत होते. एवढ्या मोठ्या सॅकमध्ये अंगात घालायला एक कोरडा कपडा नव्हता. शेवटी मावशींचे लुगडे आणि घोंगडी कामाला आली. गुळाचा गरम चहा पोटात गेला. तासाभराने ती नीट बोलू लागली आणि आम्ही तिथूनच जीपने परत फिरलो. "माझ्यामुळे तुमची पावनखिंड राहिली," म्हणून ती बसमध्ये रडत होती. चूक तिची नव्हती. तिची सॅक भरणाऱ्या आम्हा दोघांची होती.

आम्ही बंगळूरला राहतो. ट्रेकिंगच्या सामानाला या शहरात तोटा नाही. वाइल्डक्राफ्ट ही इथलीच कंपनी. डेकॅथलॉननेही भारतातला आपला कारभार २००९ मध्ये याच शहरातून सुरू केला. आम्ही भरपूर खरेदी केली होती. मग चुकले कुठे? पुढच्या वर्षी पन्हाळा ते विशाळगड पुन्हा चालायचे ठरले, तेव्हा याच प्रश्नापासून सुरुवात केली. दोन-तीन दिवसांच्या ट्रेकला निघणाऱ्या, विशेषतः मुलांना सोबत नेणाऱ्या कुटुंबांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हा लेख.

आधी काटा, मग दुकान

पहिल्या वेळी मुलीचे वजन होते ४६ किलो आणि तिच्या सॅकचे १२. म्हणजे अंगाच्या वजनाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त! धडधाकट मोठ्या माणसालाही चौथा हिस्सा ही वरची मर्यादा समजावी. पाचवा हिस्सा बरा. वाढत्या मुलांना सातव्या हिश्शाहून अधिक ओझे देऊ नये.

दुसऱ्या वेळी हॉलमध्ये चादर अंथरून सगळे सामान मांडले. बॅगा तोलायचा छोटा काटा आणला. प्रत्येक वस्तूचे वजन करून कागदावर लिहिले, तेव्हा एकेक गमती उघड झाल्या. टर्किशचा टॉवेल कोरडा असतानाच अर्धा किलो! लाडवांचा स्टीलचा डबा लाडवांशी स्पर्धा करणारा. दोन जीन्स मिळून सव्वा किलोच्या वर, आणि त्या भिजल्या की किती, ते विचारू नका. टॉवेलच्या जागी पंचा आला, डब्याच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी, जीन्स घरी राहिल्या. तंबू, भांडी, स्टोव्ह आम्ही दोघांनी वाटून घेतले. मुलीकडे उरले साडेसहा किलो. यासाठी एक पैसाही खर्च झाला नाही.

सॅक आणि बूट

दोन-तीन मुक्कामांसाठी मोठ्या माणसाला ४५ ते ५५ लिटरची सॅक पुरते. त्याहून मोठी घेतली तर ती भरण्याचा मोह होतो. सॅकचा कमरपट्टा रुंद आणि भरीव हवा. तो कमरेच्या हाडांवर आवळला, की ओझे खांद्यांवरून उतरून कमरेवर येते. सॅक माणसाच्या उंचीवर नव्हे, तर पाठीच्या लांबीवर निवडायची असते. दुकानात आठ-दहा किलो वजन भरून पंधरा मिनिटे चालून पाहा. लाजू नका.

भरताना झोपण्याचे सामान तळाशी ठेवा. जड वस्तू मध्यभागी, पाठीला चिकटून ठेवा. पावसाचे कपडे, खाऊ आणि औषधे वर, चटकन हाताशी येतील अशी. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नुसत्या पावसाळी आवरणावर विसंबू नका. सॅकच्या आत आधी एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरून तोंड पिळून बांधा. आमच्या पहिल्या सॅकमध्ये नेमकी हीच पिशवी नव्हती.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराच्या चालण्याने पाऊल थोडे सुजलेले असते. जाड मोजे घालूनच माप पाहा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखे काळीनिळी होतात. सह्याद्रीच्या पावसात महागडे वॉटरप्रूफ बूटही वरून भरतात आणि मग वाळत नाहीत. तळाला चांगली पकड असलेले हलके बूट इथे बरे. 'अॅक्शन ट्रेकिंग'च्या स्वस्त बुटांवर कित्येकांनी निम्मे गडकिल्ले पालथे घातले, ते उगीच नव्हे. मात्र नवे बूट किमान दोन आठवडे घरी-दारी वापरून मगच न्या.

कोरडा जोड

आता मुख्य गोष्ट. थंडी भरायला बर्फ लागत नाही. वीस अंश तापमानात ओले कपडे आणि वारा एकत्र आले, की माणूस गारठतो. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून चालताना चटकन वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे, त्यावर विंडचीटर आणि थांबल्यावर घालायला फ्लीसचे जाकीट असावे.

याखेरीज प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक कोरडा जोड असलाच पाहिजे: बनियन, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायजमा, लोकरी मोजे आणि कानटोपी. हा जोड वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचा आणि फक्त मुक्कामाला, डोक्यावर छप्पर आल्यावर उघडायचा. सकाळी तो पुन्हा पिशवीत जातो आणि कालचे ओले कपडे अंगावर चढतात. नको वाटते, अंगावर काटा येतो. पण चालू लागल्यावर दहा मिनिटांत अंग तापते. कोरडा जोड घालून निघालात, तर रात्रीला काहीच उरत नाही.

थंडी भरल्याच्या खुणा घरातल्या सर्वांना सांगून ठेवा: थरथर, अडखळणे, बोलणे जड किंवा असंबद्ध होणे. थरथर थांबली आणि माणूस सुस्त झाला, तर बरे वाटले असे समजू नका. ते जास्त गंभीर असते. अशा वेळी वाऱ्यापासून आडोसा, ओले कपडे काढणे, कोरडे कपडे आणि पांघरूण, आणि शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय, हाच क्रम. दारूचा घोट मुळीच नको. मग लवकरात लवकर डॉक्टर. मावशींनी कुठलेही पुस्तक न वाचता हाच क्रम पाळला होता.

मुक्कामाची शिस्त

मुक्कामाची शिस्त पाहायची तर आषाढीच्या वारीतली एखादी दिंडी पाहावी. सामानाचा ट्रक पुढे जातो, तंबू उभे राहतात, स्वयंपाकाला लागणारे आणि पाणी आणणारे ठरलेले असतात. कोणी कोणाला विचारत बसत नाही. चारच माणसांच्या तंबूलाही हीच शिस्त लागते.

सूर्यास्ताच्या दोन तास आधी मुक्काम गाठावा. जागा सपाट पण किंचित उंच असावी; ओढ्याच्या पात्रात किंवा वाळक्या फांदीखाली तंबू नको. दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा. आधी तंबू, मग कोरडा जोड, मग पाणी, मग स्वयंपाक, आणि भांडी उजेड असेपर्यंत घासून मोकळे. खाली मॅट नक्की अंथरा. अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब देत नाही आणि जमीन रात्रभर गारवा देते. चारशे ग्रॅमची साधी फोमची मॅट हजारो रुपयांच्या बॅगेइतकीच महत्त्वाची आहे.

पाणी गढूळ असेल तर फडक्याने गाळून, मग खळखळून उकळी येऊन मिनिटभर उकळावे. ट्रेकमध्ये पोटे बिघडतात ती बहुधा न धुतलेल्या हातांमुळे, म्हणून साबण विसरू नका. शौचाला पाण्यापासून किमान ६० मीटर दूर जावे आणि वीतभर खड्डा करून नंतर बुजवावा. सॅनिटरी पॅड मात्र पुरू नयेत; दुहेरी पिशवीत बांधून परत आणावेत. मुलींशी हे आधीच मोकळेपणाने बोलावे, म्हणजे त्या पाणी कमी पिऊन दिवस काढत नाहीत. स्टोव्ह तंबूत कधीही पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणूस दगावतो.

हलकी शिदोरी

मैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ पासून जवानांच्या टिकाऊ अन्नावर काम करते. नुसते गरम करून खाण्याची तयार पाकिटे बाजारात आली, त्यांतील काहींमागे तिथलेच तंत्र आहे. पाकिटे सोयीची खरी. पण ३०० ग्रॅमच्या पाकिटात बरेचसे वजन पाण्याचे असते. एका रात्रीला ठीक, तीन दिवसांना जड.

त्यापेक्षा घरचे कोरडे पदार्थ बरे. फोडणी घालून भाजलेला रवा, मूगडाळ-तांदळाची मसाला मिसळलेली खिचडी, दशम्या, लसणाची चटणी, गूळ-शेंगदाणे. माणशी रोजचा कोरडा शिधा सहाशे-सातशे ग्रॅम पुरतो. प्रत्येक जेवणाची वेगळी पिशवी करून नाव घाला, म्हणजे अंधारात शोधाशोध नको.

रंगीत तालीम

निघण्यापूर्वी एक रात्र गच्चीवर तंबू ठोकून झोपा. आम्ही झोपलो तेव्हा कळले, की एका विजेरीचे सेल संपले आहेत आणि तंबूच्या दोन खुंट्या कमी आहेत. रविवारी भरलेल्या सॅक पाठीवर घेऊन लालबागेत फेऱ्या मारल्या. लोक हसले. हसू द्यावे.

सरावासाठी जवळचे डोंगर निवडताना नियम पाहून घ्या. कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात रात्रीचा मुक्काम करता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये कुमारपर्वतावर प्रचंड गर्दी झाल्यावर कर्नाटकच्या वनखात्याने ट्रेक काही काळ थांबवले. पुढे त्याच वर्षी ऑनलाइन नोंदणी आणि रोजच्या संख्येची मर्यादा घालून ते पुन्हा सुरू केले.

दुसऱ्या वर्षी मसाई पठारावर पाऊस तसाच आडवा होता. वाटेत त्या मावशींच्या घरी थांबून चहा घेतला. करपेवाडीच्या मुक्कामावर मुलीने न सांगता कोरडा जोड काढला आणि खिचडी खाऊन गाढ झोपली. पहाटे जाग आली तर ती तंबूच्या दारात बसून, तोंड वाकडे करत, ओले मोजे पायात चढवत होती.

"आई, तुझेही घाल," ती म्हणाली. "पावनखिंड अजून लांब आहे."