नात्यांतील आघात आणि सत्त्वावजय चिकित्सा

‘माझे मन दुखावले आहे’ असे सांगत आपल्या चिकित्सालयात सहसा कोणी येत नाही. रुग्ण अग्निमांद्य सांगतो, अनिद्रा सांगतो, छातीतील धडधड किंवा वारंवार होणारी द्रवमलप्रवृत्ती सांगतो. नात्यातून, विशेषतः पती-पत्नीच्या नात्यातून झालेला दीर्घकालीन आघात शरीराच्या भाषेत बोलतो. ती भाषा ऐकण्यात आपण कोठे कमी पडतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. प्रारंभ स्वतःच्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी पस्तिशीच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. सकाळी चार-पाच वेळा मलप्रवृत्ती, झोप नाही, वजन घटलेले. ग्रहणीचे निदान करून बिल्व, कुटज आणि तक्र यांची योजना केली. सुटीत माहेरी गेल्या की उपशय मिळे. परतल्या की त्रास पूर्ववत. हा उपशय-अनुपशय समोर असूनही त्याचा अर्थ मी आहारातच शोधत राहिलो. प्रत्येक वेळी पती सोबत असत आणि बहुतेक उत्तरे तेच देत. चार महिन्यांनी त्यांना बाहेर बसण्याची विनंती करून मी विचारले, “घरी भीती वाटते का?” बाई बराच वेळ रडल्या. रोजचा अपमान, पगार काढून घेणे, माणसे तोडणे, क्वचित मारहाण हे सारे नऊ वर्षे चालले होते.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज आणि शोकज हे दोन स्वतंत्र सांगितले असून त्यांत वातहर चिकित्सेसोबत हर्षण व आश्वासन यांचा निर्देश केला आहे. अग्र्यसंग्रहात शोक हा शोषण करणाऱ्यांत आणि विषाद हा रोग वाढविणाऱ्यांत अग्रणी म्हटला आहे. विमानस्थानात शोकाचे अनुमान दैन्यावरून करावे, असे सांगितले आहे. म्हणजे मनाची परीक्षा हा रोगीपरीक्षेचाच भाग आहे. दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीला सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, ही तिसरी चिकित्सा आहे. आपल्या प्रपत्रात मात्र तिला क्वचितच जागा मिळते.

प्रथम निदानपरिवर्जन

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून सावरण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या: सुरक्षितता, घडलेल्याचे स्मरण व शोक, आणि जीवनाशी पुन्हा जोडले जाणे. पहिली पायरी म्हणजे आपले निदानपरिवर्जनच होय. छळ चालू असताना ‘थोडे सांभाळून घ्या’ हा सल्ला म्हणजे हेतुसेवन चालू ठेवून औषध देणे होय. तथापि ‘घर सोडा’ असेही वैद्याने परस्पर सांगू नये. घर सोडण्याच्या काळात धोका वाढू शकतो. निर्णय रुग्णाचा, माहिती आपली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. महिलांसाठी १८१ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हे क्रमांक चिकित्सालयात व औषधालयात दर्शनी लावावेत. आघात पुरुषांनाही होतो आणि ते तो अधिक लपवितात, हेही ध्यानी असावे.

उपक्रमांतील तारतम्य

रुग्णाला एकांतात भेटावे. तो सांगेल तेवढेच ऐकावे. तपशील उकरू नये. ‘यात तुमचा दोष नाही’ हे वाक्य स्पष्ट उच्चारावे. आश्वासन याहून वेगळे नाही. नियमित भोजन, निद्रेची निश्चित वेळ, प्रकृतीनुसार स्नेहन यांचा लाभ होतो. परंतु ज्याला स्पर्शातूनच इजा झाली आहे, त्याला सर्वांग अभ्यंगाचा अनोळखी स्पर्श भयप्रद ठरू शकतो. आधी अनुमती घ्यावी, परिचारक समलिंगी असावा, आरंभ पादाभ्यंगाने करावा, आणि ‘थांबा’ म्हणताच थांबावे. शिरोधारेत डोळे झाकण्याचा आग्रह धरू नये.

औषधालय चालकांसाठीही दोन शब्द. झोपेसाठी सर्पगंधा मागितली जाते. तिच्यातील रिसर्पीन विषण्णतेच्या रुग्णात निषिद्ध मानले जाते. वैद्याच्या पत्राविना ती देऊ नये. अश्वगंधा देताना थायरॉइडची व झोपेची चालू औषधे विचारावीत. मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली औषधे ‘आयुर्वेद सुरू केला’ म्हणून एकाएकी बंद करू देऊ नयेत. आत्मघाताचे विचार, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, मद्याचा आश्रय ही लक्षणे दिसल्यास रुग्ण तत्काळ तज्ज्ञांकडे पाठवावा. आत्मघाताचा विचार येतो का, असे थेट विचारण्यास कचरू नये. विचारल्याने तो विचार बळावत नाही.

त्या शिक्षिका पुढे समुपदेशकांकडे गेल्या आणि वर्षभराने, स्वतःच्या निर्णयाने, वेगळ्या राहू लागल्या. वजन वाढले, झोप येऊ लागली. न्यायालयाच्या तारखेच्या आदल्या दिवशी अजूनही पोट बिघडते. पण आता त्या स्वतःच हसून म्हणतात, “वैद्यराज, उद्या तारीख आहे, औषध नको.” हेतूचे ज्ञान रुग्णाला झाले, हा सत्त्वावजयाचाच भाग होय.

माझे चार महिने वाया गेले. त्यांचे चार महिने भयात गेले. तो एक प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा, एवढीच सर्व वैद्यबंधू-भगिनींना नम्र विनंती.